उजवा खांदा दुखतो? आधी गाडीचं स्टिअरिंग बघा

मान-खांद्याच्या दुखण्यासाठी येणाऱ्या चालकांना मी एक प्रश्न हमखास विचारतो : सरळ रस्त्यावर तुमच्या गाडीचं स्टिअरिंग सरळ राहतं का? बरेच जण सांगतात, "थोडं डावीकडं राहते, पण सवय झाली आता." राजूर घाटातून रोज चढ-उतार करणारे असोत की काळीपिवळी चालवणारे, गाडी जुनी असली की हे उत्तर ठरलेलं. ही सवय शरीराला झेपत नाही, म्हणून आज त्यावर लिहितो आहे.

आपला डावा हात गिअरवर जातो. त्यामुळे एका बाजूला ओढणारी गाडी बहुतेक वेळ एकटा उजवा हातच आवरून धरतो. अशा वेळी खांद्याचे स्नायू हलत नाहीत आणि सैलही पडत नाहीत. आखडलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही, आणि मानेपासून खांद्यापर्यंतचा पट्टा कडक होतो. दुखणं एकाच बाजूला, प्रवासासोबत वाढणारं आणि सुट्टीच्या दिवशी कमी होणारं असेल, तर गाडीवर संशय घ्या.

गाडीचं निदान करताना एक फरक ओळखावा लागतो. स्टिअरिंग तिरकं आहे, पण गाडी सरळ जाते, ही एक गोष्ट. गाडी ओढते म्हणून ते तिरकं धरावं लागतं, ही दुसरी. सपाट, मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात पकड हलकी करून बघा. हात मात्र सोडू नका. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे सरकली तर घाबरू नका. समृद्धी महामार्गावर हा प्रयोग अजिबात नको. तिथे १२०च्या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर पुढे जाते.

गाडी खरोखर ओढत असेल तर आधी हवा तपासा, तीही टायर थंड असताना. पुढच्या दोन्ही टायरांत सारखी हवा हवी. मग गाडी उभी करून, स्टिअरिंग वळवून, टायरवरून तळवा आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवताना खरखरीत लागलं, तर चाकांची दिशा बिघडलेली आहे. थोडी फेरी मारून आल्यावर पुढच्या दोन्ही रिमांजवळ हात न टेकवता धरा. एक जास्त तापलेली असेल तर त्या चाकाचा ब्रेक चिकटतो आहे. पुढचे दोन टायर आपसात बदलल्यावर ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरचाच.

घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता उंचसखल करते. त्या हादऱ्यांनी जुन्या गाडीचे लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोकं ढिली होतात. मेकॅनिककडून चाक वर उचलून हलवून घ्या. डावी-उजवीकडे खेळ असेल तर बहुधा टाय रॉडचं टोक गेलेलं असतं. घरी जॅक लावून गाडीखाली शिरू नका. ढिले भाग आधी बदलावेत, अलाइनमेंट त्यानंतर. उलट क्रमाने केलं तर ते पैसे वाया जातात.

अलाइनमेंट करून आल्यावरच स्टिअरिंग तिरकं झालं असेल, तर ते मध्यावर पक्कं न करताच टाय रॉड फिरवले गेले असावेत. त्याच दिवशी परत जा. कुणी स्टिअरिंग खोलून दोन दाते फिरवून सरळ बसवून देतो म्हणाला, तर नको म्हणा. ते म्हणजे मुळाशी न जाता वेदनाशामक गोळी देण्यासारखं आहे. शिवाय एअरबॅग असलेल्या गाडीत ते धोक्याचंही आहे.

आता तुमच्या खांद्याबद्दल. पाठ सीटला पूर्ण टेकवून बसा. हात लांब केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे आणि खांदे सीटवरून उचलता कामा नयेत. दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चाला. मेडिकलमधून आपल्या मनाने गोळ्या घेऊ नका. स्नायू सैल करणाऱ्या अनेक गोळ्यांनी झोप येते, आणि वेदनाशामकं किडनीच्या व रक्तदाबाच्या रुग्णांना त्रास देतात.

छातीत दाब, घाम, धाप यांसोबत खांदा किंवा हात दुखत असेल, तर गाडीला दोष देत बसू नका. दुसऱ्याला गाडी चालवायला सांगून लगेच रुग्णालय गाठा. बोटांना मुंग्या येणं, पकड सैल होणं, रात्री दुखण्याने झोपमोड होणं, हेही दाखवायलाच हवं. मधुमेहींमध्ये खांदा जखडण्याचं प्रमाण जास्त असतं. त्यामुळे गाडी दुरुस्त करूनही तीन आठवड्यांत हात वर जात नसेल, तर साखरेचा रिपोर्ट घेऊन या.