लेकरांच्या हातची पालेभाजी



"पालेभाजी खा" हा सल्ला आम्ही परिचारिका वर्षानुवर्षे देत आलो. सोलापुरात दिवसभर विड्या वळणाऱ्या एका ताईंनी एकदा आम्हालाच विचारले, "सिस्टर, मेथीची जुडी घेऊ का लेकरांना दूध आणू?" आमच्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून आम्ही सल्ल्यासोबत मूठभर बीही देतो.

प्रश्न लहान नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 100 मुलांपैकी सुमारे 69 मुलांना आणि 15 ते 49 वयाच्या 100 स्त्रियांपैकी 54 जणींना रक्तक्षय आहे.

जागा कुठली?

"आम्हाला जमीन कुठे?" असे कुणी म्हणेल. खरेच आहे. वतनाच्या तुकड्यासाठी आपले वाडवडील गावभर राबले. त्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. 1959 मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. जमिनीचा तो प्रश्न कुंडीने सुटणार नाही, तो लढावाच लागेल. पण विहाराच्या कुंपणालगतची दोन हात जागा किंवा दारातला पत्र्याचा डबा आज आपल्या हातात आहे. लेकरांनी आपल्या मालकीच्या मातीत पहिल्यांदा हात घालावा, एवढे तरी करू.

काय लावावे?

पावसाळ्यात तांदुळजा, माठ, अंबाडी; दिवाळीच्या सुमारास मेथी, चुका, कोथिंबीर. तांदुळजा आणि मेथी महिन्याभरात खुडायला येतात, त्यामुळे मुलांचा धीर सुटत नाही. जागा असेल तर शेवग्याची फांदी रोवा. त्याचा पालाही भाजीला चालतो. डब्याला खाली भोके पाडा. काळ्या मातीत कुजलेले शेणखत मिसळा. नळाला रोज पाणी नसते, म्हणून तांदूळ-भाज्या धुतलेले पाणी वाफ्याला घाला. गटाराचे पाणी कधीही नको.

एवढे सांभाळा

- मुलांच्या पायात चप्पल हवी. उघड्या पायांतून आकडी जंत शिरतात. अंगणवाडी-शाळेत मिळणारी जंतनाशक गोळी चुकवू नका. काम संपले की साबणाने हात धुवा.
- साठवलेले पाणी झाका आणि आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो.
- तंबाखूचे पाणी भाजीवर फवारू नका. त्यातले निकोटीन विष आहे, ते मुलांच्या त्वचेतूनही अंगात जाते. विड्या वळलेले हात धुऊनच भाजी खुडा.
- कीटकनाशकाचा रिकामा डबा कुंडी म्हणून वापरू नका.

अळी दिसली की मुले विचारतात, "पहिले शील मोडायचे का?" आम्ही सांगतो, पान खुडून अळीसकट लांब ठेवा. शीलाचा धडा तिथेच होतो.

ताटात

भाजीतले लोह अंगी लागावे म्हणून वर लिंबू पिळा. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा नको. ज्वारीच्या भाकरीसोबत डाळ घातलेली भाजी उत्तम. मात्र परसबाग हे औषध नव्हे. रक्त तपासा, दिलेल्या लोहाच्या गोळ्या पूर्ण घ्या.

रविवारचा एक तास

हे काम आईच्या कामात आणखी एक भर ठरू नये. वाफा वडिलांनी खणावा, पाणी मुलग्यानेही घालावे, मोबाइल घरात राहावा. आमचा अनुभव असा, की ताटात पालेभाजी दिसताच तोंड फिरवणारे पोर स्वतः खुडलेला माठ "हा माझा आहे" म्हणत सगळ्यांना वाढते, आणि मग स्वतःही खाते. त्या दिवशी आईच्या ताटातही भाजी उरेल, एवढे मात्र घरातल्या सगळ्यांनी पाहावे. शेवटी जेवणारी तीच असते, आणि रक्तही बहुधा तिचेच कमी असते.

येत्या पौर्णिमेला विहारात येताना एक रिकामा डबा घेऊन या. बी आम्ही आणतो.