पावलाची कमान

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• पाऊल व घोटा यांची रचना स्वतःच्या शब्दांत सांगता येईल;
• पावलाच्या कमानीचे कार्य स्पष्ट करता येईल;
• उभ्याने काम करणाऱ्याने पायांची कोणती काळजी घ्यावी हे सांगता येईल;
• पायाशी संबंधित वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करता येईल.

प्रस्तावना

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, छत्तीसगडमधील दुर्गजवळ भिलाई हे पोलादनगर आहे. १९५५ साली भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार होऊन येथे पोलादाच्या कारखान्याची पायाभरणी झाली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. येथे घडलेल्या रुळांवरून देशभर आगगाड्या धावतात.

अशा कारखान्यात पाळी आठ तासांची असते आणि पुष्कळसे काम उभ्याने करावे लागते. कामगार यंत्राची तपासणी नेमाने करतो. परंतु ज्या पावलांवर तो स्वतः उभा असतो, त्यांकडे दुखणे आल्याशिवाय त्याचे लक्ष जात नाही. शेतात, बांधकामावर वा स्वयंपाकघरात राबणाऱ्यांचेही असेच होते. म्हणून या पाठात आपण आपल्याच पावलाची ओळख करून घेणार आहोत.

मूळ पाठ

हाडांची जुळणी

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणपणे २०६ हाडे असतात. त्यांपैकी प्रत्येक पावलात २६, म्हणजे दोन्ही पावलांत मिळून ५२ हाडे असतात. शरीरातील सुमारे एक चतुर्थांश हाडे या एवढ्याशा जागेत सामावलेली आहेत!

पावलाच्या मागच्या व मधल्या भागात ७ गुल्फास्थी असतात. टाचेचे हाड त्यांतलेच, आणि पावलातील सर्वांत मोठे. त्यांच्यापुढे चवड्याकडे जाणाऱ्या ५ लांबट प्रपदास्थी असतात. बोटांमध्ये १४ अंगुलास्थी असतात. अंगठ्यात दोन आणि उरलेल्या चार बोटांत प्रत्येकी तीन. ही हाडे अस्थिबंधांनी एकमेकांशी बांधलेली असतात, तर स्नायू कंडरांच्या साहाय्याने त्यांना हलवितात.

घोटा

नडगीचे जाड हाड आणि त्याच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड, अशी दोन हाडे गुडघ्याखाली असतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणारे उंचवटे म्हणजे या दोन हाडांचीच टोके होत. नीट चाचपून पाहा. बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा थोडा खाली असतो. या दोन टोकांच्या बेचक्यात पावलाचे घोट्याचे हाड बसलेले असते. या हाडावर एकही स्नायू जोडलेला नसतो. वरून येणारा शरीराचा भार स्वीकारून तो टाचेकडे व चवड्याकडे वाटून देणे, हे त्याचे काम.

घोट्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध पंख्यासारखा पसरलेला व बळकट असतो. बाहेरच्या बाजूचे तीन अस्थिबंध त्यामानाने दुबळे असतात. म्हणूनच खडबडीत जमिनीवर पाय मुरगळतो, तेव्हा बहुधा पाऊल आत वळते आणि बाहेरचा अस्थिबंध ताणला जातो किंवा फाटतो. अशा वेळी पायाला विश्रांती द्यावी, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा, लवचीक पट्टी बांधावी आणि पाय उंचावर ठेवावा. ताज्या दुखापतीवर जोराने मालीश करू नये. चार पावलेही टाकता येत नसतील, तर हाड मोडल्याची शक्यता असते. दवाखान्यात जाऊन क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.

पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला एका जाड कंडरेने जोडलेले असतात. ही शरीरातील सर्वांत जाड कंडरा होय. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात आणि पायांत साचणारे रक्त वर हृदयाकडे ढकलतात. तासन् तास एकाच जागी निश्चल उभे राहिल्यास हे कार्य मंदावते व पायांना सूज येते. काम जागेवरचे असेल, तर अधूनमधून टाचा उचलून खाली टेकवाव्यात.

कमान

ओले पाऊल कोरड्या फरशीवर टेकवा. ठशात टाच, चवडा व बोटे उमटतील. आतल्या बाजूचा बराचसा भाग मात्र कोराच राहील. तेथे पावलाची कमान असते. बाहेरच्या कडेने एक ठेंगणी कमान असते आणि पावलाच्या रुंदीत तिसरी. लहान मुलांचे पाऊल सपाट दिसते. कमान वाढत्या वयाबरोबर आकार घेते.

पुलाची दगडी कमान अचल असते. पावलाची कमान तशी नाही. टाच जमिनीला टेकते तेव्हा पाऊल सैल असते. ते दबून धक्का सोसते आणि जमिनीच्या चढउताराशी जुळवून घेते. पुढे भार चवड्यावर येतो, बोटे वर वाकतात आणि तळव्यातील टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला जाड पट्टा ताणला जातो. त्यामुळे कमान उंचावते आणि पाऊल ताठ होऊन शरीराला पुढे रेटते. स्वतः उभे राहून पायाचा केवळ अंगठा वर उचला. बहुतेकांना कमान वर आलेली दिसेल. जे पाऊल क्षणापूर्वी उशीसारखे होते, तेच आता तरफेसारखे काम करते.

या रचनेची नक्कल करणे सोपे नाही. १९६८ साली जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबर व लाकूड वापरून कृत्रिम पाऊल घडविले. अनवाणी चालणे, उकिडवे बसणे, चिखलातून जाणे या आपल्याकडच्या नित्याच्या हालचाली त्यामुळे शक्य झाल्या. ‘जयपूर फूट’ या नावाने ते सर्वत्र ओळखले जाते.

पावलाची राखण

चवड्यावरील व बोटांतील हाडे बारीक असून त्यांच्यावर मांसाचे आवरण अगदी थोडे असते. जड वस्तू पडल्यास ती सहज मोडतात. यासाठी कारखान्यातील बुटांना बोटांवर पोलादी कवच असते. वितळलेले लोखंड सुमारे १५०० अंश सेल्सिअस इतके तप्त असते. त्याचा शिंतोडा बुटात शिरू नये म्हणून विजार बुटात न खोचता बुटावरून खाली सोडावी लागते. उकाडा होतो म्हणून बूट काढून ठेवणे, हे संकटाला आमंत्रण होय.

दिवसभरात पाऊल थोडे सुजते. म्हणून पादत्राणे संध्याकाळी विकत घ्यावीत.

दुखणे नकोसे वाटले, तरी तेच पावलाचे पहारेकरी आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात किंवा कुष्ठरोगात पायाची संवेदना नाहीशी होऊ शकते. मग खडा टोचला, चटका बसला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि कधी कधी पाय कापावा लागतो. अशा व्यक्तींनी रोज रात्री तळवे उजेडात पाहावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात आणि अनवाणी फिरू नये. ही तपासणी पाच मिनिटांत होते आणि तिच्यामुळे पाय वाचू शकतो.

स्वकमाईने जगणाऱ्यास मराठीत ‘स्वतःच्या पायावर उभा राहिला’ असे म्हणतात. कष्टकऱ्याच्या बाबतीत हे शब्दशः खरे आहे.

शब्दार्थ

अस्थिबंध – हाडांना हाडांशी बांधणारा चिवट पट्टा
कंडरा – स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी
चवडा – बोटांच्या मागचा तळव्याचा रुंद भाग
तरफ – भार उचलण्याचा दांडा

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडा. एका पावलातील अंगुलास्थींची संख्या : (अ) ५ (आ) ७ (इ) १४
२. पाय मुरगळल्यावर बाहेरचा अस्थिबंध अधिक दुखावतो. का?
३. ‘दुखणे हे पावलाचे पहारेकरी आहे’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.

भाषाभ्यास

पुढील वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा :
पायाखालची जमीन सरकणे, पाऊल वाकडे पडणे, पाय रोवून उभे राहणे, तळपायाची आग मस्तकात जाणे.

उपक्रम

तुमच्या घरातील उभ्याने काम करणाऱ्या व्यक्तीशी तिच्या पायांच्या तक्रारींविषयी बोला आणि त्या संभाषणावर दहा ओळी लिहा.