स्वादुपिंडातील सूक्ष्म दारे

जेवणानंतर थोड्याच वेळात माणसाच्या रक्तातील ग्लुकोजचे, म्हणजे साखरेचे, प्रमाण वाढू लागते. ही साखर स्नायूंपर्यंत पोचावी व तिचा साठा व्हावा, यासाठी इन्शुलिन या संप्रेरकाची आवश्यकता असते. इन्शुलिन अपुरे पडले तर मधुमेह जडतो. उलट, गरज नसताना ते अधिक स्रवले तर रक्तातील साखर घटून मेंदूला इजा पोचू शकते. म्हणजेच इन्शुलिन नुसते तयार होऊन भागत नाही. ते योग्य वेळी व योग्य प्रमाणात रक्तात उतरावे लागते. ही वेळ साधण्याचे काम पेशीच्या आवरणातील काही सूक्ष्म दारे करतात. शास्त्रीय परिभाषेत त्यांना आयन-मार्गिका म्हणतात.

बीटा पेशी

जर्मन संशोधक पॉल लँगरहान्स यांनी 1869 मध्ये स्वादुपिंडात विखुरलेले पेशींचे छोटे पुंजके प्रथम वर्णिले. मानवी स्वादुपिंडात असे सुमारे दहा लाख पुंजके असतात. तरीही त्यांचे वजन सबंध ग्रंथीच्या एक ते दोन टक्केच भरते. या पुंजक्यांतील बीटा पेशी इन्शुलिन तयार करून ते बारीक कणिकांत भरून ठेवतात. कोठार भरलेलेच असते. प्रश्न असतो तो ते केव्हा उघडावयाचे, एवढाच.

दारांचे कार्य

आयन म्हणजे विद्युत्भार असलेले अणू. बीटा पेशीच्या आत पोटॅशियमचे आयन अधिक, तर कॅल्शियमचे अत्यल्प असतात. पेशीबाहेर कॅल्शियमचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. दोहोंची ये-जा होण्यासाठी आवरणात स्वतंत्र प्रथिनमय दारे असतात.

पोट रिकामे असताना पोटॅशियमची दारे उघडी राहतात. त्यांतून धन भाराचे पोटॅशियम बाहेर झिरपते व पेशीची आतील बाजू सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण राहते. अशा स्थितीत कॅल्शियमची दारे बंद असतात आणि इन्शुलिन कोठारातच राहते.

जेवणानंतर ग्लुकोज पेशीत शिरते. त्याचे ज्वलन होऊन एटीपी हा ऊर्जा पुरविणारा पदार्थ वाढतो. एटीपी पोटॅशियमच्या दाराला चिकटतो आणि ते दार मिटते. पोटॅशियम आत अडून राहिल्याने ऋण भार घटू लागतो. तो ठरावीक पातळीपर्यंत उतरला की कॅल्शियमची दारे उघडतात व कॅल्शियम वेगाने आत शिरते. त्याच्या प्रभावाने कणिका आवरणाला भिडून फुटतात आणि इन्शुलिन रक्तात उतरते. साखर कमी झाली की एटीपीही घटतो, पोटॅशियमची दारे पुन्हा उघडतात आणि स्राव थांबतो. बीटा पेशी साखर मोजते ती अशी, साखरेच्या ज्वलनातून मिळालेल्या ऊर्जेवरून.

गोळी आधी, उलगडा नंतर

या दाराचा शोध लागण्यापूर्वीच त्यावर चालणारे औषध माणसाच्या हाती आले होते. 1942 मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे मार्सेल जांबोन हे विषमज्वराच्या रुग्णांवर एका नव्या सल्फा औषधाचा प्रयोग करीत होते. त्या औषधाने काही रुग्णांची साखर धोकादायक रीतीने उतरली. हे औषध स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवावयास लावते, असे त्यांचे सहकारी ऑगस्ट लुबातिएर यांनी दाखवून दिले. त्यातूनच पुढे सल्फोनिलयुरिया गटाच्या, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या निघाल्या. त्या लाखो रुग्णांनी घेतल्या. पण त्यांचा परिणाम नेमका कसा घडतो, हे कित्येक वर्षे अज्ञात होते.

एर्विन नेहर व बर्ट झाकमान यांनी 1976 मध्ये काचेच्या अतिसूक्ष्म नळीच्या साह्याने एकेका आयन-मार्गिकेतील विद्युत्प्रवाह मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याबद्दल त्यांना 1991 चे नोबेल पारितोषिक मिळाले. एटीपीने मिटणारे पोटॅशियमचे दार अकिनोरी नोमा यांना 1983 मध्ये हृदयाच्या स्नायूत आढळले. ऑक्सफर्ड येथील फ्रान्सिस अॅशक्रॉफ्ट व सहकाऱ्यांनी 1984 मध्ये दाखविले की, ग्लुकोज दिल्यावर बीटा पेशीतील असेच दार मिटते. सल्फोनिलयुरियाची गोळीही हेच दार मिटविते, हे त्यानंतर लवकरच स्पष्ट झाले.

सुईऐवजी गोळी

या ज्ञानाचे मोल 2004 मध्ये प्रत्ययास आले. जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या काही बालकांत या दाराच्या जनुकातच दोष असल्याचे ब्रिटनमधील संशोधकांना आढळले. त्यांच्या बीटा पेशींत इन्शुलिन होते. परंतु एटीपी वाढूनही दार मिटत नसल्याने ते बाहेर पडत नव्हते. एटीपीला न जुमानणारे दार गोळीने मिटेल काय, हे पाहण्यात आले. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा 49 रुग्णांपैकी 44 जणांची इन्शुलिनची सुई बंद होऊ शकली.

याच्या नेमका उलट दोषही आढळतो. काही अर्भकांत हे दार कायम मिटलेले असते किंवा तयारच होत नाही. त्यांच्या शरीरात उपाशीपोटीही इन्शुलिन स्रवत राहते आणि साखर घातक पातळीपर्यंत उतरते.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

सहा महिन्यांच्या आतील मधुमेह दुर्मीळ आहे. सुमारे एक लाख जन्मांमागे एखाद्या बालकाला तो होतो. म्हणूनच तो ओळखण्यात चूक होण्याचा संभव अधिक. बाळाला वारंवार व पुष्कळ लघवी होणे, दूध पिऊनही वजन न वाढणे, लंगोटाला मुंग्या लागणे ही लक्षणे दिसताच रक्तातील साखर तपासून घ्यावी. मधुमेह ठरल्यास उपचार तत्काळ सुरू करावेत आणि जनुकीय तपासणीविषयी डॉक्टरांशी बोलावे. लहानपणी हा आजार जडून आज मोठ्या झालेल्या व्यक्तींनाही ही तपासणी उपयोगी पडू शकते.

मात्र एक भेद विसरता कामा नये. मुलांमध्ये सामान्यतः आढळणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात बीटा पेशीच नष्ट झालेल्या असतात. जेथे कोठारच उरलेले नाही, तेथे दार मिटवून काही साधत नाही. अशा मुलाचे इन्शुलिन कोणाच्या ऐकीव सल्ल्यावरून बंद करणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय. सुई की गोळी याचा निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांनीच करावयाचा असतो. गावात ही गोष्ट समजावून सांगण्याचे काम शिक्षक व पंचायत सदस्य उत्तम रीतीने करू शकतील.