नवव्या नंबरचा क्लब, सहा नंबरचा गडी

वऱ्हाडात फुटबॉलवर भांडणारी माणसं मोजकी, पण जी आहेत ती जीव तोडून भांडतात. क्रिकेटवर वाद घालायला चौकात कुणीही सापडतो. फुटबॉलवाल्याला त्यासाठी अमरावतीहून अकोल्याला फोन लावावा लागतो. आमचं टोळकं असंच दोन शहरांत विखुरलेलं. काही जण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले, काही अस्सल अकोल्याचे, आणि भेटायची जागा मूर्तिजापूरच्या अलीकडे-पलीकडे कुठलातरी ढाबा. याच अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबर अंथरून गिनेस बुकात नोंद झाली होती. रस्ता चांगला झाल्यापासून तुमची भांडणं वाढली, असं आमच्या घरच्यांचं म्हणणं आहे.

भांडण पेटलं ते 2024 च्या उन्हाळ्यात. अमरावतीकर मंडळी मुंबई सिटीची. 4 मे रोजी मुंबईनं कोलकात्यात, मोहन बागानच्या अंगणात, 3-1 असा विजय मिळवून इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा, चषक उचलला होता, त्यामुळे त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. अकोल्याचा आमचा एक मित्र नोकरीपायी काही वर्षं कोलकात्यात काढून आलेला. तिथून तो माशाची आवड आणि ईस्ट बंगाल अशा दोन गोष्टी घेऊन आला. पहिली घरी चालली नाही. दुसरी त्यानं सोडली नाही. ईस्ट बंगाल म्हणजे शंभरी ओलांडलेला, लाखोंच्या गर्दीचा क्लब. पण आयएसएलमध्ये आल्यापासून त्याचे क्रमांक पाहा: नववा, अकरावा, नववा, नववा. आणि अशा क्लबाकडे केरळ ब्लास्टर्सचा जॅक्सन सिंग जाणार, अशी बातमी फिरू लागली.

जॅक्सन कोण, हे सांगायला हवं. 9 ऑक्टोबर 2017 रोजी दिल्लीत, 17 वर्षांखालील विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध त्यानं हेडरनं गोल केला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला तो भारताचा पहिला गोल. सामना आपण 1-2 असा हरलो, पण मणिपूरच्या त्या उंच पोराचं नाव कायमचं लक्षात राहिलं. पुढे तो डिफेन्सिव्ह मिडफिल्डर झाला. फुटबॉलच्या भाषेत सहा नंबरची जागा: बचावफळीच्या पुढे उभं राहायचं, समोरच्याचा हल्ला मोडायचा आणि चेंडू आपल्या माणसाकडे सोपवायचा.

ढाब्यावर अकोलेकरानं जाहीर केलं, "जॅक्सन आला की पाह्यजो, आमचं मधलं मैदान कुलूप लावल्यावानी बंद होते."

"बे, तुमच्या घराले दरवाजाच नाही, कुलूप कशाले लावतं?" अमरावतीकर म्हणाला.

सगळे हसले. तो हसला नाही. मग क्लबावरून माणसावर, माणसावरून त्याच्या नोकरीवर आणि नोकरीवरून "तुले कोलकात्याहून काहून हाकललं ते माहीत हाये मले" इथपर्यंत गाडी गेली. दोघंही चाळिशीतले, पोराबाळांचे. पुढे अकोलेकराची वास्तुशांत झाली, तिला अमरावतीकर गेला नाही. मूर्तिजापूर नकाशात कुठे आहे हे ज्याला ठाऊक असण्याचं कारण नाही, अशा खेळाडूवरून वीस वर्षांची मैत्री बंद पडली. म्हणून हे लिहायला घेतलं. ट्रान्सफरवर वाद घालू नका, असं मी सांगणार नाही. तो अर्धा फुटबॉल आहे. कशावर घालायचा, एवढंच सांगतो.

आधी त्या वादाचा निकाल. बातमी खरी ठरली. जुलै 2024 मध्ये जॅक्सन ईस्ट बंगालचा झाला. त्याचा करार शिल्लक असल्यानं ईस्ट बंगालला केरळकडे रोख रक्कम मोजावी लागली, आणि ती कोटींत होती. तो एकटा आला नव्हता. आदल्या हंगामात पंजाबकडून लीगमध्ये सर्वाधिक गोल जुळवून देणारा फ्रेंच मिडफिल्डर मदीह तलाल हाही आला. कागदावर मधली फळी देखणी दिसत होती. मग हंगाम सुरू झाला आणि ईस्ट बंगाल लीगचे पहिले सहाच्या सहा सामने हरला. त्यातला दुसरा कोचीत, जॅक्सनच्या जुन्या घरात, केरळकडून 1-2. तीन पराभवांनंतर प्रशिक्षक कार्लेस क्वाद्रात पायउतार झाले. आणि क्वाद्रात काही ऐरेगैरे नव्हते. त्यांनीच जानेवारी 2024 मध्ये ईस्ट बंगालला सुपर कप जिंकून दिला होता. पहिला गुण मिळाला 9 नोव्हेंबरला मोहम्मेडनविरुद्ध, तोही नऊ खेळाडूंनिशी किल्ला लढवून. डिसेंबरात तलालचा गुडघा गेला आणि त्याचा हंगाम संपला. शेवटी क्लब कितवा आला? नववा.

अमरावतीकरानं कॉलर ताठ करायला हरकत नव्हती. पण त्याच उन्हाळ्यात त्याच्याही घरातून एक सहा नंबरचा गडी गेला होता. मिझोरमचा लालेंगमाविया राल्टे, ज्याला सगळे अपुइया म्हणतात, मुंबई सिटी सोडून मोहन बागानला गेला. जॅक्सनच्याच पिढीचा, त्याच जागेवर खेळणारा, भारतीय संघात त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला. मोहन बागाननं त्या हंगामात लीग शिल्ड आणि चषक दोन्ही घेतले. मुंबई सहावी आली आणि बाद फेरीत बंगळूरूकडून 0-5 मार खाऊन घरी परतली.

हे दोन गडी शेजारी-शेजारी ठेवून पाहा. एकाच उन्हाळ्यात, एकाच जागेचे दोन खेळाडू, एकाच शहरातल्या दोन क्लबांत गेले. एकाच्या गळ्यात दोन पदकं, दुसऱ्याच्या वाट्याला नववा क्रमांक. जॅक्सन अपुइयापेक्षा एवढा कमी आहे का? मुळीच नाही. अपुइयानं चेंडू हिसकावला की पुढे तो कुणाकडे द्यायचा हे ठरलेलं होतं आणि मागे उभा राहणारा बचाव भक्कम होता. जॅक्सनच्या आजूबाजूला बरंच काही नवं होतं. प्रशिक्षकसुद्धा महिन्याभरात बदलला. धडपडणाऱ्या क्लबाला मिडफिल्डर हवासा वाटतो, कारण तो सगळीकडे दिसतो. गोल खाताना चूक बचावाची दिसते, गोल होत नाही तेव्हा चूक पुढच्याची दिसते, पण दोन्हीचं मूळ मधेच आहे असं चाहत्याला वाटतं. कधी ते खरंही असतं. ढाब्यावर आम्ही मात्र "जॅक्सन भारी की नाही" यावर दोन तास घालवले. तो ज्या जागी जाणार तिथे आजूबाजूला कोण आहे, हा प्रश्न एकानंही काढला नाही. तुम्ही तो पहिला काढा.

पैसा ओतूनही हे सुटत नाही. जानेवारी 2023 च्या शेवटच्या दिवशी चेल्सीनं विश्वचषकाचा सर्वोत्तम तरुण खेळाडू एन्झो फर्नांडेसला दहा कोटी पौंडांहून जास्त मोजून आणलं. तो हंगाम चेल्सीनं बाराव्या क्रमांकावर संपवला.

दुसरी गोष्ट करार आणि संमतीची. आपल्याकडे यात गफलत होते ती आयपीएलमुळे. अमरावतीचा जितेश शर्मा नोव्हेंबर 2024 च्या लिलावात 11 कोटींना बंगळूरूकडे गेला. हातोडा पडला, विषय संपला. फुटबॉलमध्ये हातोडा नाही. विकणारा क्लब, घेणारा क्लब आणि खेळाडू, तिघांचं जुळावं लागतं, आणि यातल्या दोघांचं जुळलं की बातमी फुटते. ऑगस्ट 2023 मध्ये ब्रायटननं मोइसेस काइसेदोसाठी लिव्हरपूलची 11 कोटी 10 लाख पौंडांची बोली मान्य केली. शुक्रवारी ही बातमी, आणि शनिवारी आमच्या टोळक्यातल्या सगळ्यात लहान पोरानं लाल जर्सीवर पाठीमागे त्याचं नाव छापून घेतलं. छापणाऱ्यानं स्पेलिंग दोनदा विचारलं होतं, एवढी सावधगिरी बाळगली होती. रविवारी लिव्हरपूल आणि चेल्सी एकमेकांशीच 1-1 बरोबरीत खेळले. सोमवारी काइसेदो चेल्सीचा झाला, कारण त्याला तिथेच जायचं होतं. ती जर्सी आता मोटरसायकल धुताना घालतात.

तेव्हा बातमी आली की पहिला प्रश्न हाच: करार कधी संपतो? कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबाशी थेट बोलू शकतो, आणि करार संपल्यावर जुन्या क्लबाला एक पैसा मिळत नाही. म्हणून वर्ष-दीड वर्ष शिल्लक असताना सगळ्यांनाच घाई सुटते. विकणाऱ्याला भाव हवा असतो, एजंटाला जुन्याच क्लबाकडून पगारवाढ काढायची असते, घेणाऱ्या क्लबाला तिकिटं खपवायची असतात. अमुक क्लब "उत्सुक" आहे, ही बातमी यांच्यापैकी कुणाच्या सोयीची आहे हे पाहिलं की निम्म्या बातम्यांची हवा जाते. तीन वर्षांचा करार शिल्लक असेल आणि विकणारा क्लब अडचणीत नसेल, तर त्या बातमीवर चहासुद्धा थंड होऊ देऊ नका. आणि सही झाली म्हणजे संपलं असंही नाही. त्याच 2024 मध्ये बचावपटू अन्वर अली मोहन बागानकडून ईस्ट बंगालकडे गेला, तर ते प्रकरण फुटबॉल महासंघाच्या समितीपुढे आणि तिथून दिल्ली उच्च न्यायालयात गेलं.

पगाराचं कुणी विचारत नाही, ते मी मुद्दाम विचारतो. क्लब धडपडतोय म्हणजे नेमकं काय? सामने हरतोय, की पैसे थकवतोय? या दोन वेगळ्या व्याधी आहेत. पुण्याचा एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी उभा राहिला. 2022 च्या मार्चमध्ये हैदराबाद आयएसएलचा विजेता होता. दोन हंगामांनी, 2023-24 मध्ये, पगार थकले, खेळाडू एकेक करून निघून गेले, आणि तोच क्लब तक्त्यात सगळ्यात खाली गेला. आज तो हैदराबादेतही नाही. 2025 मध्ये दिल्लीला गेला. अशा ठिकाणी जाणाऱ्या खेळाडूला "हिंमत दाखव" म्हणणारा चाहता त्याचे घरहप्ते भरत नाही. आयएसएलमध्ये हरून खालच्या गटात जायची भीती 2024-25 पर्यंत तरी नव्हती. त्यामुळे नवव्या क्रमांकाचा क्लब वर्षानुवर्षं नववा राहू शकला. इंग्लंडात तीच घसरण आणखी थोडी लांबली की क्लब खाली उतरतो आणि बऱ्याचदा खेळाडूचा करारही बदलतो. तिकडच्या चाहत्यांचे युक्तिवाद जसेच्या तसे इकडे लावू नयेत, ते याचसाठी.

पैसे लावण्याबद्दल थोडक्यात आणि कडकच सांगतो. आमच्या नात्यातल्या एका कॉलेजच्या पोरानं, कोणता खेळाडू कुठल्या क्लबात जाईल यावर परदेशी साइटवर पैसे लावले. तिथला भाव लोकांनी लावलेल्या पैशांवर हलतो, लोक अफवेवर पैसे लावतात, आणि भाव हलला की "सट्टेबाजांच्या मते जाणं नक्की" अशी नवी बातमी होते. म्हणजे अफवा स्वतःचाच पुरावा तयार करते. पोराची मेसची रक्कम गेली. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे; त्याआधी ते कायदेशीर असतं तरी मी हेच म्हटलं असतं.

राहिला खेळाडूच्या खात्यावर जाऊन शिव्या घालायचा प्रकार. अपुइया गेला तेव्हा आमच्यातल्या दोघांनी "गद्दार" वगैरे लिहिलं. मिडफिल्डरची चांगली वर्षं सात-आठ, गुडघा फिरला तर तीही नाहीत, तलालकडे पाहा. त्यानं चांगल्या घरी जावं की नाही, हे बडनेऱ्याच्या फलाटावर बसून ठरवणारे आपण कोण? लिहायचंच असेल तर क्लबाला लिहा: याच्या जागी कोणाला आणलंत ते सांगा म्हणून. मुंबईच्या त्या 0-5 नंतर हाच प्रश्न योग्य होता, आणि तो विचारणारे फार थोडे होते.

ढाब्यावर भांडलेल्या आमच्या त्या दोघा मित्रांचं पुढे बोलणं सुरू झालं, पण ते समजूतदारपणामुळे नव्हे. जुलै 2025 मध्ये आयएसएलच लांबणीवर पडली. लीगच्या व्यापारी हक्कांचा करार डिसेंबरात संपणार होता आणि पुढचं कुणालाच माहीत नव्हतं. काही क्लबांनी कामकाज थांबवलं. भांडायला सामनेच उरले नाहीत, तेव्हा अकोलेकरानं आपण होऊन फोन लावला. डिसेंबर 2025 मध्ये मुंबई सिटीच्या मालकांपैकी सिटी फुटबॉल ग्रुपनं क्लबातून अंग काढून घेतलं, आणि पारडं फिरलं. आता मुंबईचा कोणता मिडफिल्डर कुठे जाणार याच्या बातम्यांनी अमरावतीकराची झोप उडते, आणि अकोलेकर त्याला धीर देतो. परवा तो म्हणाला, "तुमचा तो मधला गडी आमच्याकडे येऊन राह्यला म्हनते."

"करार कधी संपते त्याचा?" अमरावतीकरानं विचारलं.

"ते नाही पाह्यलं बाप्पा."

"मंग पाह्य आधी. अन् तुमच्या बचावात कोण-कोण राह्यलं तेही सांग."

तो यादी सांगायला लागला. दुसऱ्याच नावावर वाद सुरू झाला.