कोर्टाची पायरी



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण तुम्ही लहानपणापासून ऐकली आहे. आम्हीही शाळेत ती कितीतरी वेळा मुलांकडून लिहून घेतली. म्हण खोटी नाही. पण काडीमोडाच्या बाबतीत ती अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी गोष्ट आम्हांला फार उशिरा कळली. ती आज सांगतो.

आमची सही

पुष्कळ वर्षांमागची गोष्ट. आमच्या हाताखाली शिकलेल्या एका मुलाचे लग्न झाले. पुढे नवराबायकोचे पटेना. बायको लहान पोरीला घेऊन माहेरी गेली. मग दोन्हीकडची माणसे देवळात बसली. स्टॅम्पाचा कागद आणला. ‘आम्ही राजीखुशीने फारकत घेतली. एकमेकांवर आमचा काही हक्क उरला नाही,’ असे त्यावर लिहिले. पंचांनी सह्या केल्या. शेवटी म्हणाले, "गुरुजी, तुमचीही सही पाहिजे." आम्ही केली. कोर्टाचा खर्च वाचला, तंटा मिटला, असे आम्हांला वाटले.

मुलाने वर्षभरात दुसरे लग्न केले. पहिली बायको पोरीसाठी खर्च मागावा म्हणून तालुक्याला वकिलाकडे गेली. कागद वाचून वकील म्हणाले, "बाई, तुमचा काडीमोड झालेलाच नाही. तुम्ही अजून त्याची बायको आहात."

म्हणजे काय झाले, बघा. पहिलीला नवऱ्याचा आधार नाही आणि मोकळीकही नाही. दुसरीच्या गळ्यात मंगळसूत्र, पण कायद्याने ते लग्नच नव्हे. दोन घरच्या लेकींचे नुकसान झाले. आणि त्या कागदावर आमची सही होती.

कागद वेगळा, हुकूम वेगळा

आता हे नीट ध्यानात घ्या. हिंदू विवाह कायदा १९५५ साली झाला. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख या सर्वांना तो लागू आहे. इतर धर्मांचे कायदे वेगळे आहेत. अनुसूचित जमातींनाही हा कायदा सरसकट लागू नाही.

या कायद्याप्रमाणे लग्न मोडते ते कोर्टाच्या हुकूमनाम्याने. स्टॅम्पावर लिहून किंवा नोटरीचा शिक्का मारून ते मोडत नाही. काही समाजांत काडीमोडाची जुनी रूढी आहे. कायद्याने ती राखली आहे. पण वाद आला, तर ती रूढी कोर्टात पुराव्याने सिद्ध करावी लागते. ते सोपे नसते. पहिले लग्न कायम असताना दुसरे करणे हा गुन्हा आहे. त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग कोर्टात भांडत बसायचे का? तसे नाही. १९७६ साली कायद्यात एक चांगली वाट झाली. तिला परस्पर संमतीचा घटस्फोट म्हणतात. नवराबायको एक वर्ष किंवा अधिक काळ वेगळे राहत असतील, पुन्हा एकत्र राहणे जमत नसेल, आणि लग्न मोडावे हे दोघांनाही कबूल असेल, तर दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा. दोष कोणाचा, हे सिद्ध करावे लागत नाही. साक्षीदार आणून एकमेकांची अब्रू काढावी लागत नाही.

अर्ज केल्यावर सहा महिने थांबावे लागते. विचार करायला ही सवड दिलेली असते. या काळात कोणाचे मन बदलले, तर संमती मागे घेता येते. सारे आधीच ठरले असेल आणि एकत्र येण्याची आशाच नसेल, तर कोर्ट ही मुदत माफ करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली तसे सांगितले आहे.

मध्यस्थ काय करतो?

पुढे आणखी एक जोडपे आमच्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, स्टॅम्प आणलाय. सही द्या." आम्ही म्हणालो, "सही देत नाही. पण तुमच्याबरोबर तालुक्याला येतो."

तालुक्याला कोर्टाच्या आवारात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो. तिचे उत्पन्न विचारत नाहीत. त्या बाईला वकील मिळाला आणि दोघांना मध्यस्थाकडे पाठवले.

मध्यस्थ म्हणजे न्यायाधीश नव्हे. तो निकाल देत नाही. तो दोघांना बोलते करतो. आधी दोघांना एकत्र बसवले. मग एकेकाला वेगळे बोलावले. तिथे बोललेले कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. म्हणून माणूस मन मोकळे करतो.

नवरा म्हणाला, "साहेब, चूक हिचीच आहे."

मध्यस्थ म्हणाला, "ते असू द्या. पोरगा चार वर्षांचा आहे. पुढच्या दिवाळीला तो कुठे असेल, ते सांगा."

नवरा गप्प झाला. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. हे त्यानेच आम्हांला मागाहून सांगितले. तोवर त्याने पोराचा विचारच केला नव्हता. खटल्यासाठी एक एकर विकायला मात्र तो निघाला होता.

काय काय ठरवावे?

तीन बैठका झाल्या. सारे कागदावर आले. तुमच्या गावात असा प्रसंग आला, तर या गोष्टी विसरू नका.

१. स्त्रीधन. माहेरचे व लग्नातले बाईचे दागिने आणि वस्तू तिच्याच मालकीच्या असतात. त्यांची यादी करावी. वस्तू हातात आल्यावरच ‘मिळाले’ म्हणून सही करावी.

२. पोटगी. एकरकमी की दरमहा, किती आणि कोणत्या तारखेला, ते लिहावे. पैसे बँकेतून द्यावेत, म्हणजे पुरावा राहतो. या जोडप्याने अर्धी रक्कम अर्जाच्या दिवशी आणि अर्धी शेवटच्या तारखेला, असे ठरवले.

३. मूल. पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईजवळ ठेवतात. पण बापाची भेट तुटू नये. दिवस आणि जागा ठरवावी. सणांचेही ठरवावे.

४. मुलाचा खर्च. आईने स्वतःची पोटगी सोडली, तरी मुलाचा हक्क सुटत नाही. तो सोडायचा अधिकार आईलाही नाही आणि बापालाही नाही.

५. आधीच्या तक्रारी व खटले. त्यांचे काय करायचे, तेही लिहावे.

इथे सावध राहा

समझोता दोघांच्या मर्जीने झाला पाहिजे. बाईला मारहाण होत असेल, ती भीतीने मान डोलवत असेल, तर त्याला समझोता म्हणू नये. आधी तिचे रक्षण करावे. त्यासाठी २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे. त्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे दाद मागावी.

जातपंचायतीचा दंड म्हणजेही मध्यस्थी नव्हे. वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. त्याचा कायदा २०१६ सालचा आहे.

आणि घाई करू नका. मध्यस्थाकडे गेलेली काही जोडपी पुन्हा नांदायला लागतात. तेही चांगलेच.

शेवटचा दिवस

त्या जोडप्याची शेवटची तारीख आली. न्यायाधीशांनी दोघांनाही विचारले, "राजीखुशीने करता ना? कोणाचा दाब नाही ना?" दोघांनी ‘नाही’ म्हटले. हुकूम झाला. दोघेही मोकळे झाले.

परतीला एसटी एकच होती. दोघे वेगवेगळ्या बाकांवर बसले. पोरगा आधी आईजवळ होता. मग उठून बापाकडे गेला आणि त्याच्या मांडीवर झोपला. कोणी काही बोलले नाही. आम्हांला मात्र आमची ती जुनी सही आठवली.

तेव्हा मंडळी, म्हण पुरी करून घ्या. शहाण्याने भांडायला कोर्टाची पायरी चढू नये. भांडण बाहेर, मध्यस्थासमोर मिटवावे. पण मिटले म्हणजे हुकूम घ्यायला ती पायरी जरूर चढावी.

कठीण शब्द

हुकूमनामा – कोर्टाचा लेखी निकाल
मध्यस्थ – दोघांत बोलणे घडवून आणणारा
स्त्रीधन – बाईच्या स्वतःच्या मालकीची चीजवस्तू
रूढी – पूर्वीपासून चालत आलेली रीत

प्रश्न

१. स्टॅम्पावर फारकत लिहून दोन बायकांचे काय नुकसान झाले?
२. मध्यस्थ आणि न्यायाधीश यांत फरक काय?
३. मुलाच्या खर्चाचा हक्क आईला का सोडता येत नाही, यावर घरी बोला.
४. तुमच्या तालुक्याची विधी सेवा समिती कुठे आहे, ते विचारून वहीत लिहा.