लाल दिव्याची शहानिशा

जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डावरचा तेलाच्या दाबाचा लाल दिवा एकदा लुकलुकू लागला, की तिच्या मालकाला सल्लागारांचा तुटवडा पडत नाही. ‘नवा स्विच टाका’, ‘जाड तेल भरा’ आणि ‘इंजिन खोलल्यावाचून गत्यंतर नाही’ असे तीन निवाडे मला जळगावात मिळाले. आणि ते देणाऱ्यांपैकी एकानेही प्रत्यक्ष दाब मोजलेला नव्हता, ही गोष्ट मी मुद्दाम नमूद करतो.

मोटार म्हणजे पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली, मूळची फिआट ११०० आणि १९७४ पासून हे देशी नाव धारण केलेली, १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी दप्तरे चाळण्याचे मला व्यसन असल्यामुळे तिला जळगाव-धुळे रस्ता मुखोद्गत आहे. मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे सरकलेला असताना, पाळधी आणि एरंडोल मागे पडेपर्यंत दिव्याचा मागमूस नसे. परंतु पारोळ्याच्या अलीकडे केळीच्या ट्रकांमागे रांगेत उभे राहावे लागले, की न्यूट्रलमध्ये तो मंद तांबूस पेटे आणि ॲक्सिलरेटरला पाय लागताच नाहीसा होई.

हे लक्षण समजून घेण्यासाठी एक गोष्ट ध्यानी धरावी लागते. पंप स्वतः दाब निर्माण करीत नाही, तो केवळ तेल ढकलतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधल्या केसाएवढ्या फटींतून ते तेल सहजासहजी निसटू शकत नाही, म्हणून दाब उत्पन्न होतो. झिजेने फटी रुंदावल्या किंवा तेलच पातळ झाले, तर मंद फिरणारा पंप अपुरा पडतो, आणि वेग वाढला की पुन्हा पुरून उरतो. म्हणजे तप्त इंजिन मंद चालत असतानाच पेटणारा दिवा झिजलेल्या बेअरिंगकडे जसा बोट दाखवितो, तसाच पातळ झालेल्या तेलाकडेही. आणि पहिल्याचा खर्च दुसऱ्याच्या कितीतरी पट असल्यामुळे कोणाची चौकशी आधी करावी, हे सुज्ञास सांगणे नलगे.

धुळ्यात आग्रा रोडच्या बाजूला ज्या वृद्ध मिस्त्रींकडे मी अखेर गेलो, त्यांनी पाना हाती घेण्यापूर्वी तेलाची पट्टी उपसली. तेल वरच्या खुणेच्याही वर होते. त्यांनी ते अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये चोळले, नाकाशी नेले, आणि अहिराणीत म्हणाले, “नाना, तेल कमी नही, वाढेल शे.” बोटांना तेलाचा तुळतुळीतपणा जेमतेम जाणवत होता, आणि वास सरळ पेट्रोलचा होता. या गाडीचा पेट्रोलपंप, ज्याला मिस्त्री लोक एसी पंप म्हणतात, इंजिनाच्या अंगालाच बसविलेला असतो. त्याचा डायफ्राम फाटला की पेट्रोल थेंबाथेंबाने खाली चेंबरात उतरते, तेलाची पातळी वाढते, आणि पातळी भरपूर दिसते म्हणून मालक निश्चिंत राहतो.

तरीही त्यांनी अनुमानावर भिस्त ठेवली नाही. प्रेशर स्विच काढून त्याच्या आट्यांत त्यांनी नळीचे गेज बसविले. इंजिन तापल्यावर न्यूट्रलमध्ये काटा दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्याही खाली घुटमळत होता. म्हणजे स्विच बिचारा खरेच बोलत होता, आणि तो बदलण्याचा पहिला निवाडा तिथेच निकालात निघाला. डायफ्राम, फिल्टर आणि २०-डब्ल्यू-४० तेल बदलल्यानंतर तोच काटा एका किलोच्या किंचित वर स्थिरावला. नव्या इंजिनाचा हा दाब नव्हे, झीज आहेच. परंतु इंजिन खोलण्याची निकड उरली नाही.

जाड तेलाविषयी मात्र थोडे कठोर लिहिणे प्राप्त आहे, कारण तो सल्ला सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत लोकप्रिय आहे. त्याने दिवा विझतो हे खरे. पण माझ्या गाडीत ते भरले असते तर पेट्रोल झिरपतच राहिले असते, आणि जाड तेलही यथावकाश पातळ होऊन दिवा पुन्हा पेटला असता, तोवर बेअरिंगे मात्र खरोखरीच गेली असती. शिवाय पौषातल्या थंड पहाटे असले तेल वरच्या टॅपेटांपर्यंत पोचायला विलंब लागतो, आणि तेवढा वेळ धातू धातूवर कोरडा घासतो.

पट्टीला वास नसेल, पातळी योग्य असेल आणि गेजही दाब कमी सांगत असेल, तेव्हा चेंबर उतरवावे. प्रथम तेलाची जाळी गाळाने बुजली आहे का पाहावी, मग दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हची स्प्रिंग, मग पंपाचे गिअर, आणि शेवटी बेअरिंगच्या वाट्या; त्यांवरचा करडा थर जाऊन खालचे तांबे उघडे पडले असेल, तर खर्चाची तयारी ठेवावी.

हे सारे मंद गतीत लुकलुकणाऱ्या दिव्याविषयी झाले. भर वेगात तो अखंड पेटला, किंवा त्याच्या जोडीला रॉडचा ठोका ऐकू आला, तर मुकटी जवळ आले आहे, फागणे गाठू, असा हिशेब करीत बसू नये. गाडी कडेला घेऊन इंजिन तत्क्षणी बंद करावे आणि पुढचा प्रवास दोरखंडाने करावा. आणि रोज चावी फिरविताना, इंजिन सुरू होण्यापूर्वी, तो दिवा पेटतो की नाही हेही पाहावे. बल्ब जळालेल्या गाडीत दिवा कधीच पेटत नाही, आणि अशी गाडी विकणारा तिच्या इंजिनाची तोंड भरून तारीफ करतो.