टेबलावरच्या सीएनसीचा एवढा नाद का?

प्रश्न : पुतण्या आयटीआयमध्ये मशिनिस्टचा ट्रेड करतो. नगरच्या एमआयडीसीतल्या मोठ्या सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर कापणाऱ्या मशिनी, त्याने पाहिल्यात. तरी त्याला हवी आहे ती कुणी नावही न ऐकलेली, टेबलावर मावणारी जुनी सीएनसी. तिचं माप चुकतं, सुटे भाग मिळत नाहीत. अशा यंत्रात माणसं एवढी का रमतात?
— एक वाचक, तिसगाव (ता. पाथर्डी)

उत्तर : कारण तिची चूक डोळ्यांना दिसते आणि हाताने दुरुस्त करता येते.

अशा यंत्रात बहुधा स्टेपर मोटर असते. ती एका फेऱ्यात 200 पावलं टाकते. स्क्रूचा लीड, म्हणजे एका फेऱ्यात टेबल सरकण्याचं अंतर, 8 मिमी असेल, तर एका पावलाला टेबल 0.04 मिमी सरकतं. हा हिशेब शाळेतल्या भागाकाराचा आहे. आता एमडीएफच्या फळीवर एक वर्तुळ कापून पाहा. ते चार जागी किंचित चपटं येतं. तिथे एकेका अक्षाची दिशा उलटते आणि नट-स्क्रूमधला प्ले (ढिलेपणा) संपेपर्यंत मोटर फिरते, टेबल मात्र जागचं हलत नाही. यालाच बॅकलॅश म्हणतात. डायल गेज लावून तो मोजता येतो, स्प्रिंगचा दुहेरी नट बसवून कमी करता येतो. मोठ्या मशीनमध्ये बॉल स्क्रू असतो, उरलेला फरक कंट्रोलर भरून काढतो; ऑपरेटरला त्याचा पत्ताही लागत नाही.

अनोळखी कंपनीच्या जुन्या यंत्रात आणखी एक गंमत आहे. त्याचं लोखंड बहुतेक वेळा शाबूत असतं, जातं ते इलेक्ट्रॉनिक्स. आणि तेच आता किती लहान झालंय ते पाहा. 1952 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने संख्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं, तेव्हा त्याच्या कंट्रोलला कपाटभर व्हॅक्यूम ट्यूब लागल्या होत्या. 2009 मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी ‘ग्रबल’ हा मुक्त प्रोग्राम लिहिला. तो तळहातावर मावणाऱ्या आर्डुइनो बोर्डवर चालतो आणि तीन अक्ष सांभाळतो. म्हणजे बंद पडलेलं यंत्र घरी पुन्हा चालू करता येतं.

खेड्यात हे जमेल का, ही शंका नको. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्यासाठीच. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायच्या कार्यशाळांपैकी) एक 2002 मध्ये तिथेच उभी राहिली. पुतण्याला एकदा तिथे घेऊन जा.

यंत्र घेताना स्लाइड हाताने सरकवून पाहा : अडकत नाही ना, डुगडुगत नाही ना? बेअरिंग प्रमाण मापाचं आहे ना, तेही बघा. बेअरिंगवरचा नंबर सांगितला की ते बाजारात मिळतं. चालवताना गॉगल हवाच. मात्र या यंत्रावर जॉबवर्क घेऊ नका. स्टीलचं अचूक काम त्याच्या आवाक्यातलं नाही. यंत्र शिकण्यासाठी घ्या. ज्याने बॅकलॅश स्वतः मोजून काढलाय, त्याला उद्या कारखान्यात जॉबचं माप बिघडलं तर कुठे शोधायचं ते ठाऊक असेल.